सव्वा रुपयाचा गूळ आणि फाटकावरची वही

गेल्या रविवारी माझ्या आत्याने आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एक चित्रफीत आणि तिच्याखाली एक लांबलचक मजकूर पुढे पाठवला. आत्या पंचाहत्तरी ओलांडलेली आहे, आयुष्यभर वाचनालयाची पायरी झिजवलेली आहे, आणि तिच्याकडून आलेली गोष्ट तपासून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही; म्हणूनच मला हे लिहायला बसावे लागले. चित्रफितीत एक गोरा अधिकारी जमिनीवर खुंट्यांना बांधलेला दिसतो, एक नाग त्याच्याकडे सरकत येतो आणि ऐन वेळी एक मुंगूस त्या नागाशी झुंजते. खालच्या मजकुरात म्हटले होते, की हा १९५९ सालचा ब्रिटिश चित्रपट १८२९ मधल्या मुंबईतील सत्य घटनांवर बेतलेला आणि मुंबईतच चित्रित झालेला आहे. ठग हा एका महापुजाऱ्याच्या आज्ञेत चालणारा गुप्त पंथ होता आणि त्याच्या विद्येची शिल्पे वेरूळच्या लेण्यांत आजही पाहता येतात. या पंथाने वीस लाख माणसे मारली आणि त्यांतल्या बेहराम नावाच्या एकट्या ठगाने स्वतःच्या हातांनी ९३१. इंग्रज आले म्हणून आपण वाचलो. आणि शेवटी, जाड अक्षरांत, 'फासे' या शब्दावरूनच कळते की आजचे फासेपारधी हे त्याच ठगांचे वंशज आहेत, तेव्हा सावध राहा.

त्याच संध्याकाळी आमच्या रखवालदाराच्या टेबलावर एक नवी वही आली. तीन वर्षे फाटकाशी बसून गजरे विकणाऱ्या पारधी बाईचे आणि तिच्या दोन मुलांचे नाव, येण्याची आणि जाण्याची वेळ तिच्यात रोज लिहावी, असे ठरले होते. एका चित्रपटाच्या तुकड्यावरून येथपर्यंत मजल गेली. त्यामुळे मजकुरातला एकेक दावा घेते. काहींना फार वेळ देण्याची गरज नाही.

पहिली गोष्ट चित्रपटाची. 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' हा हॅमर या कंपनीचा चित्रपट आहे, आणि हॅमर म्हणजे ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाईन आणि चालती-बोलती ममी यांचे भयपट काढणारी कंपनी. दिग्दर्शक टेरेन्स फिशर यांनीच त्या दोन-तीन वर्षांत या साऱ्या भुतावळीला पडद्यावर आणले होते. चित्रीकरण मुंबईत झालेले नाही. ते झाले इंग्लंडातल्या बर्कशर परगण्यात, थेम्स नदीकाठच्या ब्रे स्टुडिओत. कालीचा महापुजारी झालेला जॉर्ज पास्टेल हा मूळचा सायप्रसचा, 'बंदर' नावाच्या पात्राची भूमिका करणारा रॉजर डेलगाडो लंडनमध्ये जन्मलेला, आणि कंपनीशी संधान ठेवून आतून ठगांना सामील असलेला पटेल शारी साकारणारा मार्न मेटलँड हा तेवढा कलकत्त्यात जन्मलेला. 'पटेल शारी' हे कोणत्या गावचे नाव म्हणायचे, हे पटकथालेखकालाच ठाऊक. अमेरिकेत हा चित्रपट 'स्ट्रँगलोस्कोप' नावाच्या तंत्राने काढल्याची जाहिरात झाली होती, आणि असे तंत्र जगात कोठेही अस्तित्वात नव्हते. तो साधा रुंद पडद्याचा कृष्णधवल चित्रपट आहे. ज्या जाहिरातदाराने तंत्राचे नाव असे बिनदिक्कत रचले, त्याच्याच 'हे सारे खरे घडले आहे' या आरोळीला मजकूर लिहिणाऱ्याने पुरावा मानले आहे.

कथेचा नायक कॅप्टन लुईस हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आहे. दोन हजारांहून अधिक माणसे बेपत्ता झाली तरी वरिष्ठ लक्ष देत नाहीत, म्हणून तो राजीनामा देऊन स्वतःच शोध घेतो. ठगांच्या बंदोबस्ताशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो विल्यम हेन्री स्लीमन बंगालच्या सैन्यातला, आणि त्याची कर्मभूमी नरसिंहपूर, सागर आणि जबलपूर ही मध्य हिंदुस्थानातली. मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यात त्याच्या नावाचे स्लीमनाबाद आजही आहे. या कामासाठी त्याने राजीनामा वगैरे दिला नाही. उलट गव्हर्नर जनरल बेंटिंकचा भक्कम पाठिंबा मिळून १८३५ मध्ये तो या खात्याचा मुख्य अधिकारी झाला. 'बॉम्बे' हे नाव शीर्षकात आले ते लंडनच्या प्रेक्षकाला जबलपूर ठाऊक नव्हते म्हणून, असे समजायला हरकत नाही.

मुंबईचा काहीच संबंध नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही, आणि हे मी थोडे नाखुशीनेच मान्य करते. मुंबईहून इंदूरकडे खानदेशमार्गे सावकारांचा पैसा माणसांच्या अंगावर बांधून पाठवला जाई. ही माणसे साध्या वाटसरूच्या वेशात जात आणि ठगांना त्यांचा सुगावा लागे. अमरावतीचे पेढीवाले धनराज शेठ यांची अशी माणसे १८२८-२९ च्या सुमारास मारली गेली आणि पैसा लुटला गेला, तेव्हा शेठजींच्या गुमास्त्याने चोरांचा माग काढण्यासाठी जी खटपट केली तिचा उल्लेख स्लीमनच्या कागदांत येतो. म्हणजे वऱ्हाड-खानदेशच्या वाटांवर ठग होते. परंतु मुंबई शहरात त्यांचे मंदिर, त्यांची राजधानी किंवा त्यांचा महापुजारी होता, हे ब्रे स्टुडिओच्या पुठ्ठ्याच्या भिंतींपलीकडे कोठेही आढळत नाही.

आता त्या महापुजाऱ्याकडे वळते, कारण मजकुरातली सर्वांत हास्यास्पद गोष्ट तीच आहे. यासाठी मला एकच पुस्तक पुरेसे वाटते, आणि तेही ठगांची बाजू घेणाऱ्या कोणाचे नाही, तर खुद्द स्लीमनचे. १८३६ मध्ये कलकत्त्यात छापलेल्या 'रामासियाना' या ग्रंथात ठगांच्या 'रामासी' या सांकेतिक बोलीचा कोश आहे आणि त्याबरोबर पकडलेल्या व माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांशी झालेले संवाद, प्रश्नोत्तरांच्या रूपात दिलेले आहेत. स्लीमनला हा सारा एक अतिप्राचीन धर्मपंथ आहे असेच सिद्ध करायचे होते, ही गोष्ट ते वाचताना विसरून चालणार नाही. आणि तरीही त्याच्याच पानांवर ठग जे बोलतात ते पडद्यावरच्या दृश्यांशी अजिबात जुळत नाही.

चित्रपटात एक भव्य मूर्ती आहे, तिच्यापुढे शेकडो माणसे जमतात, डोळे फोडले जातात, जिभा छाटल्या जातात, एका नोकराचा तुटलेला हात खिडकीतून आत भिरकावला जातो. रामासियानात फिरंगिया, नासिर, साहेब खान हे जमादार, म्हणजे टोळ्यांचे म्होरके, जो विधी वर्णन करतात त्याचे नाव 'तुपोनी', आणि त्याला लागणारी सामग्री म्हणजे सव्वा रुपयाचा गूळ. काम उरकल्यावर घोंगडी किंवा चादर अंथरायची, तिच्यावर तो गूळ ठेवायचा, शेजारी ज्या कुदळीने खड्डे खणले जात ती पवित्र 'कस्सी' मांडायची, देवीची प्रार्थना करायची आणि गूळ वाटून खायचा. हा गूळ ज्याने एकदा चाखला तो दुसरा धंदा येत असला तरी ठगच होतो, असे फिरंगियाने स्लीमनला सांगितले. मला हे वर्णन चित्रपटाच्या कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक भीतिदायक वाटते, कारण सव्वा रुपयाचा गूळ आपल्या घरातल्या कोणत्याही नवसाला पुरेसा असतो. तिथे ना रक्ताचा थेंब सांडतो, ना कोणी किंचाळते. ठगाचे सारे कौशल्य आवाज न होऊ देण्यात होते. वाटसरूंशी चार दिवस ओळख वाढवायची, त्यांच्याबरोबर मुक्काम करायचा, गप्पांत रंगवायचे, आणि 'तमाखू लाओ' यासारखी एखादी रोजची सूचना हीच इशारा म्हणून द्यायची. या इशाऱ्याला रामासीत 'झिरनी' म्हणत, गळा आवळणाऱ्याला 'भुर्तोत', वाटसरूंना गोड बोलून गोवणाऱ्याला 'सोथा', खड्डे खणणाऱ्याला 'लुघा' आणि ठरलेल्या जागेला 'बेल'. शस्त्र म्हणजे रुमाल किंवा कमरेचा दुपट्टा. ज्याला माणूस कोणाला कळू न देता नाहीसा करायचा आहे, तो त्याचा हात तोडून साहेबाच्या खिडकीतून टाकील, हे संभवतच नाही.

महापुजारी तर कोठेच नाही. टोळ्या वेगवेगळ्या जमादारांच्या होत्या, त्या एकत्र येत, भांडत, लुटीच्या वाटणीवरून फुटत. शकुन-अपशकुनावर मात्र साऱ्यांचा विश्वास. त्यांत हिंदू होते, तसे मुसलमानही मोठ्या संख्येने होते, आणि भवानीला मानणाऱ्या मुसलमान जमादारांना स्लीमनने कुराणात तिचा उल्लेख आहे का असे विचारले, तेव्हा नाही, असे उत्तर मिळाले. दख्खनचे ठग आम्ही बायकांना कधी मारत नाही म्हणून फुशारकी मारत आणि हिंदुस्थानातल्यांना नावे ठेवत. देवीची आज्ञा म्हणून हत्या करणाऱ्या एकसंध पंथाचे हे वागणे नव्हे. प्रवाशांच्या कमरेच्या कशात काय आहे, यावर नजर ठेवून असलेल्या आणि हिंदुस्थानातल्या प्रत्येक जोखमीच्या धंद्याप्रमाणे देवीला सोबत घेतलेल्या टोळ्यांचे आहे. आणखी एक गोष्ट, जी चित्रपटाच्या मुळावरच येते: ठग सहसा गोऱ्यांच्या वाटेला जात नसत. साहेब हरवला तर शोध होणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. चित्रपटात मात्र कॅप्टन कॉनॉट-स्मिथचा अख्खा तांडा त्याच्यासकट मारला जातो, कारण लंडनच्या प्रेक्षकाला खुर्चीतून उठवायचे तर मरणारा कोण असावा, याचा हिशेब कंपनीने केला होता. प्रत्यक्षात मेले ते रजेवर घरी निघालेले शिपाई, व्यापारी, यात्रेकरू आणि सावकारांचे हुंडीवाले.

वेरूळविषयीचा दावा मात्र हवेतून आलेला नाही, हे सांगितले पाहिजे. आमच्या ज्या कृत्यांची कोणाला कल्पना नाही ती सारी वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहेत, कोठे गळा आवळताना, कोठे प्रेत वाहून नेताना, कोठे पुरताना, असे ठगांनी स्लीमनला खरोखरच सांगितले होते आणि त्याने ते लिहून ठेवले आहे. मजकूर तयार करणाऱ्याने हे वाक्य उचलले आणि त्याच्या शेजारचे सोडून दिले. त्याच संवादात दुसरा ठग म्हणतो, की जगातल्या प्रत्येक धंद्याची कामे त्या लेण्यांत पाहायला मिळतात, आणि हे मनुष्याचे काम नव्हेच, ते देवाने केलेले आहे. म्हणजे ठग वेरूळला जाऊन तेच करत होते जे आपल्यातला प्रत्येक जण करतो: आपल्याला जे ठाऊक आहे तेच दगडात पाहत होते. एकूण चौतीस लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन, साधारण सहाव्या ते दहाव्या शतकातली. त्यांतले कैलास राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचे, आठव्या शतकातले. रावण कैलास हलवतो आहे, नरसिंह हिरण्यकशिपूला मांडीवर घेतो आहे, रामेश्वर लेण्यात सप्तमातृकांच्या पंगतीजवळ हाडांचा सापळा झालेला काळ बसलेला आहे. गळ्याशी गेलेला हात शोधायचाच असेल तर इतक्या शिल्पांत एखादा सापडेलच. मी लहानपणापासून तिथे सहा-सात वेळा गेले आहे, आणि आमच्या सहलीबरोबर येणाऱ्या एका शिक्षकांना प्रत्येक भिंतीवर विमाने दिसत असत, एवढे सांगून पुढे जाते.

आकड्यांचे लवकर आटोपते. वीस लाख ही संख्या कोणत्याही दफ्तरात मोजलेली नाही. स्लीमनच्या नातवाने विसाव्या शतकात लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच 'दहा लाख खून' होते, आणि पुढे प्रत्येक हाताने त्यात भर घातली. ब्रिटिश इतिहासलेखक माइक डॅश यांनी ठगांच्या जबान्यांचा अभ्यास करून २००५ मध्ये जो अंदाज मांडला तो सुमारे दीडशे वर्षांत पन्नास हजारांचा आहे, आणि तोही अंदाजच. बेहरामच्या ९३१ चे मूळ जेम्स पॅटन या अधिकाऱ्याच्या हस्तलिखितात आहे. ती संख्या ज्या हत्यांच्या वेळी बेहराम टोळीत हजर होता त्यांची आहे, आणि त्याच कागदांत बेहराम स्वतः म्हणतो, की माझ्या हातांनी सव्वाशेच्या आसपास माणसे मेली असतील, आणि आणखी दीडशे मारली जाताना मी पाहिली असतील. सव्वाशे ही संख्या कोणाला कमी वाटत असेल तर त्याचे काय करावे, हे मला सुचत नाही.

आत्याच्या मजकुराला गटातल्याच एका तरुणाने उत्तर दिले, की ठग वगैरे कोणी नव्हतेच, इंग्रजांनी सत्ता पसरवण्यासाठी रचलेले ते थोतांड आहे. त्याच्या रागाशी माझी सहानुभूती असली, तरी हेही खरे नाही. ठग हा एकच, प्राचीन, देशभर पसरलेला धर्मपंथ होता, ही इंग्रजांची रचना आहे, असे म्हणायला जागा आहे. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये माळव्यातल्या ठगांना त्या काळच्या सत्तासंघर्षाच्या आणि लुटारूंच्या संदर्भात बसवून दाखवले, आणि किम वॅग्नर यांनी २००७ मध्ये चंबळकाठच्या सिंदौस परिसराच्या कागदांवरून हे दाखवले, की तिथल्या जमीनदारांच्या आश्रयाने चालणारी ती प्रत्यक्षातली वाटमारी होती. परंतु जमिनीखालचे सांगाडे कोणी रचले नव्हते. फिरंगियाने पकडले गेल्यावर स्लीमनला एका आमराईत नेले आणि त्याच्याच तंबूच्या आसपासची जमीन खणायला लावली, तेव्हा तिथून माणसे निघाली. स्लीमन तर पुढे कबूल करतो, की १८२२ ते १८२४ या काळात मी नरसिंहपूरचा कारभार पाहत होतो, जिल्ह्यात काय चालते ते सारे मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती, आणि माझ्या कचेरीपासून चारशे यार्डांवर, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती. स्वतःच्या अब्रूला इतके बाधक असलेले वाक्य कोणी प्रचारासाठी लिहीत नाही.

इंग्रजांनी आपल्याला वाचवले, या दाव्यातही असाच अर्धा दाणा आहे. वाटा अधिक सुरक्षित झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जण पकडले गेले, त्यांतल्या ४१२ जणांना फाशी झाली, ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले आणि बहुतेक बाकीचे काळ्या पाण्यावर किंवा जन्मठेपेवर गेले. पण कायदा कोणता केला, हे त्या मजकुरात नाही. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने असे ठरवले, की एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीही, हा कायदा होण्यापूर्वी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा मुलखाबाहेर सामील होता एवढे सिद्ध झाले, तरी त्याला सक्तमजुरीची जन्मठेप द्यावी. त्याने कोणाला, कोठे, केव्हा मारले हे दाखवण्याची गरज नाही. साक्ष कोणाची, तर स्वतःचा गळा वाचवू पाहणाऱ्या माफीच्या साक्षीदाराची. मुलांनी बापाचा धंदा चालवू नये म्हणून साक्षीदारांना बायकामुलांसकट जबलपुरात एका कारखान्यात ठेवले गेले आणि तिथे तंबू आणि गालिचे विणून घेतले गेले. गुन्हा माणसाने केलेल्या कृत्यात नसतो, तो कोणाच्या पोटी जन्मला यात असतो, ही समजूत येथे सरकारी कागदावर मुरली. पुढे १८७१ मध्ये जन्मजात गुन्हेगार जमातींचा कायदा आला तेव्हा तिला काही नवे शिकावे लागले नाही.

आणि आता मजकुराची शेवटची, जाड अक्षरांतली ओळ. 'फासे' या शब्दावरून ठग आणि फासेपारधी एक ठरवणारा माणूस ज्या न्यायाने बोलतो, त्याच न्यायाने सारीपाटाचे फासे खेळणारे पांडवही ठग ठरतील. दक्षिणेत ठगांना फासिगर म्हणत, हे खरे. फास टाकणारा, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या शब्दाने कोणतीही जात सांगितली जात नाही. पारध्याचा फास निराळाच आहे. तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचा किंवा तातीचा विणलेला, जमिनीशी लावलेला, तितर आणि लाव्हे यांच्यासाठी, आणि त्याहून मोठा हरणांसाठी. ठगाच्या हातात फासच नव्हता, रुमाल होता, आणि तोही त्याने निवडला तो अशासाठी, की कोणाच्याही खांद्यावर तो शोभून दिसतो.

शब्दाची ही कोटी बाजूला ठेवली तरी साधी व्यवहारबुद्धी काय सांगते, ते पाहावे. ठगाचा सारा धंदा विश्वासावर उभा होता. वाटेत भेटलेल्या सावकाराने त्याला शेजारी बसवावे, त्याच्या चुलीवरचे खावे, त्याच्या हुक्क्याचा झुरका घ्यावा आणि त्याच्याच भरवशावर रात्री डोळा लावावा, हे घडल्याशिवाय काम होत नसे. म्हणून ठग यात्रेकरू होत, शिपाई होत, व्यापारी होत, सभ्य दिसत आणि सभ्य बोलत. ज्या पारध्याला गावाच्या वेशीच्या आत पाय ठेवू देत नसत, ज्याची सावली पडली तरी लोक पाणी बदलत, त्याला कोणता शेठ शेजारी झोपू देणार होता? स्लीमनच्या यादीतले ठग बघावेत, तर ते शेती करणारे आहेत, जमीनदारांच्या आश्रयाने राहणारे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, लोधी आहेत. आणि ज्याच्या जबानीवर या प्रकरणाची अर्धी इमारत उभी आहे तो फिरंगिया जातीने ब्राह्मण होता. यावरून आमच्या सोसायटीत कोणत्या आडनावांची वही ठेवायची, ते मी गटावर विचारले, आणि कोणीही उत्तर दिले नाही.

पारध्यांच्या माथी हा कलंक कसा बसला, हे मात्र कागदोपत्री आहे. १८७१ चा कायदा आधी उत्तरेत लागू झाला, १९११ मध्ये तो देशभरासाठी पुन्हा केला गेला, आणि त्यात एकदा नाव आले की मूल जन्मतःच गुन्हेगारांच्या यादीत पडे. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचे नाही, आणि अनेकांच्या बाबतीत वसाहतीच्या कुंपणाआड राहायचे. सोलापुरातला सेटलमेंट हा भाग अजून त्याच नावाने ओळखला जातो. तारांच्या कुंपणाआड ठेवलेल्या जमातींच्या वसाहतीवरून ते नाव पडले, हे तिथून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा उठला, आणि स्वातंत्र्याला पाच वर्षे झाल्यावर ज्यांना हजेरीतून सुटका मिळाली त्यांना आपण विमुक्त म्हणू लागलो. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हा फास हातातून गेला आणि त्याच्या जागी दुसरा धंदा कोणी दिला नाही. पारध्यांत चोऱ्या करणारे कोणीच नाहीत, असे मी म्हणत नाही. इतर समाजांत जेवढी माणसे आणि ज्या कारणांनी चोऱ्या करतात, तेवढी आणि त्याच कारणांनी तिथेही करतात, आणि पेढ्या बुडवणाऱ्यांच्या जाती आपण मोजत नाही. पण त्या कायद्यातली हजेरीची वही, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, मुलांची नावे, ही अगदी त्याच रकान्यांसह आमच्या फाटकावर परत आली, आणि ती आणणाऱ्यांपैकी एकानेही त्या कायद्याचे नाव ऐकलेले नव्हते.

मी हे सारे आत्याला समोर बसवून सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, चित्रपट इंग्लंडात काढला होता हे कळल्यावर ती मनापासून हसली, वेरूळच्या बाबतीत ती थोडी हिरमुसली आणि फिरंगियाच्या जातीपाशी गप्प झाली. संध्याकाळी तिने गटावरचा मजकूर काढून टाकला आणि आपली चूक झाली असे स्वतःच्या शब्दांत लिहिले. तोपर्यंत तो तिच्या भिशीच्या गटात, तिच्या माहेरच्या गटात आणि माझ्या भाच्याच्या शाळेच्या गटात पोचला होता. सोसायटीच्या समितीने वहीचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ असे कळवले आहे. रखवालदाराने मात्र परवापासून त्या बाईचे नाव लिहिणे आपणहून बंद केले. तो तिच्याकडून रोज एक गजरा घेतो, आणि वहीत आता दूधवाल्याचा हिशेब लिहितो.